ऐतिहासिक हॉटेलातील निवास : बुलढाणा जिल्ह्यातील प्रवाशासाठी काही अनुभवाचे बोल

बुलढाणा जिल्ह्यात प्रवाशाला आसरा देण्याची परंपरा जुनी आहे, मात्र तिचा ऐषारामाशी संबंध कधीच आला नाही. मेहकरची दगडी धर्मशाळा, इंग्रजी अमदानीत अधिकाऱ्यांच्या दौऱ्यांसाठी बांधलेले डाक बंगले, त्यांच्या जागी पुढे आलेली सरकारी विश्रामगृहे, लोणारच्या सरोवराजवळचे पर्यटन महामंडळाचे निवासस्थान आणि शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानाची भक्तनिवासे ही या परंपरेची ठळक उदाहरणे होत. या सर्व ठिकाणी उतरणाऱ्याची वृत्ती साधारणपणे एकसारखी असते, ती अशी की, मिळेल ती खोली घ्यावी, सांगतील ते नियम पाळावेत आणि आसरा मिळाल्याबद्दल कृतज्ञ राहावे. शेगावला सेवाधारी हात जोडून वागतात आणि देणगी किंवा अल्प शुल्क यापलीकडे व्यवहाराचा प्रश्न फारसा उपस्थित होत नाही, त्यामुळे ही वृत्ती तेथे शोभूनही दिसते. परंतु याच जिल्ह्यातील कुटुंब जेव्हा लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, निवृत्ती किंवा मुलाचे परदेशी प्रस्थान अशा निमित्ताने मुंबईतील एखाद्या जुन्या, नामांकित हॉटेलात एक-दोन रात्री राहण्याचे ठरवते, तेव्हा तीच वृत्ती त्याला महागात पडते, कारण तेथील प्रत्येक सोय ही कराराचा भाग असते आणि कराराच्या अटी विचारल्याशिवाय कोणी उलगडून सांगत नाही. प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबाला आलेला अनुभव आणि त्यानंतर या विषयाचा केलेला अभ्यास यांच्या आधारे पुढील विवेचन केले आहे.

प्रथम संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. ‘हेरिटेज हॉटेल’ हा शब्द जाहिरातीत सैलपणे वापरला जात असला तरी केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या वर्गवारीत त्याला ठरावीक अर्थ असून, १९५० पूर्वी बांधलेला राजवाडा, किल्ला, हवेली, शिकारखाना किंवा निवासी वाडा यांचे हॉटेलात रूपांतर झाले असेल तर ती वास्तू या वर्गात बसू शकते. ही वर्गवारी ऐच्छिक आहे, म्हणजे हॉटेलाने अर्ज केला आणि पाहणी झाली तरच ती मिळते. त्यामुळे पाटीवर ‘हेरिटेज’ असे लिहिलेले असणे आणि मंत्रालयाचे प्रमाणपत्र असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राजस्थानात अनेक राजवाडे या मार्गाने हॉटेले झाली. बुलढाणा जिल्ह्यात तसे घडलेले नाही; सिंदखेड राजा येथील लखुजीराव जाधवांचा राजवाडा हे जिजाऊंचे जन्मस्थान म्हणून जतन केलेले स्मारक आहे आणि ते तसेच राहिले हे योग्यच झाले, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. या वर्गाहून निराळा दुसरा वर्ग म्हणजे मुळातच हॉटेल म्हणून बांधलेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या हॉटेल म्हणूनच चालत आलेल्या वास्तूंचा. मुंबईच्या अपोलो बंदरावरील ताजमहाल पॅलेस हे महाराष्ट्रातील या वर्गाचे सर्वांत मोठे उदाहरण होय.

ताजमहाल पॅलेस १६ डिसेंबर १९०३ रोजी पाहुण्यांसाठी खुले झाले. त्याची मूळ आखणी सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा या भारतीय वास्तुविशारदांनी केली आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज अभियंत्याने काम पूर्णत्वाला नेले. वैद्य हे नाव मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवण्यासारखे आहे. विजेचे दिवे, अमेरिकी पंखे, जर्मन बनावटीची लिफ्ट आणि तुर्की पद्धतीची स्नानगृहे ही त्या काळातील अपूर्वाई या इमारतीत होती. पहिल्या महायुद्धात तिचे ६०० खाटांच्या रुग्णालयात रूपांतर झाले होते. आज ज्या गेटवे ऑफ इंडियाच्या शेजारी हे हॉटेल उभे आहे असे सांगितले जाते, तो गेटवे १९२४ मध्ये पूर्ण झाला, म्हणजे हॉटेल त्याच्याहून सुमारे दोन दशकांनी वडील आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात जुन्या इमारतीची मोठी हानी झाली आणि जीर्णोद्धारानंतर १५ ऑगस्ट २०१० रोजी ती पुन्हा पूर्णपणे सुरू झाली. त्यामुळे तेथील काही दालने शतकाची साक्ष देतात, तर काही दालने अलीकडच्या कारागिरांच्या हातून नव्याने घडलेली आहेत, आणि दोन्हींचा आदर सारखाच केला पाहिजे.

बुलढाण्याच्या वाचकाला या इतिहासात आपला संबंध काय असे वाटण्याचा संभव आहे, म्हणून येथे थोडे विषयांतर करणे क्षम्य ठरावे. हॉटेल सुरू झाले त्याच १९०३ साली वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला आणि बुलढाण्याचे सरकारी व्यवहार नागपूरकडे वळले, परंतु व्यापाराची वाट त्याआधीच मुंबईकडे गेलेली होती. मलकापूर, नांदुरा, जलंब आणि शेगाव ही स्थानके असलेला लोहमार्ग १८६७ पर्यंत नागपूरला पोहोचला होता, आणि १८७० मध्ये जलंबहून खामगावपर्यंत खास कापसाच्या बाजारपेठेसाठी फाटा काढण्यात आला. ज्यांनी ताज बांधले त्या जमशेटजी टाटांनी आपली महत्त्वाची कापड गिरणी मुंबईत न काढता १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू केली, कारण कापूस पिकतो तेथेच गिरणी असावी असा त्यांचा विचार होता. हीच पुढे एम्प्रेस मिल म्हणून नावारूपाला आली. टाटांच्या संपत्तीचा मोठा वाटा कापसाच्या उद्योगातून आला आणि त्या संपत्तीतून ही इमारत उभी राहिली, हे ध्यानात घेतले तर विदर्भातील काळ्या मातीचा आणि ताजच्या घुमटाचा संबंध दूरचा वाटत नाही. काचेच्या दारापाशी उभ्या असलेल्या गणवेशधारी माणसाला पाहून पाय अडखळणाऱ्या शेतकरी किंवा शिक्षक कुटुंबाने हे मनात ठेवूनच आत जावे, कारण संकोच हा अशा निवासातील सर्वांत खर्चीक दुर्गुण आहे. संकोचामुळे प्रश्न विचारले जात नाहीत आणि न विचारलेल्या प्रश्नांची किंमत शेवटच्या बिलात दिसते.

जुन्या हॉटेलांभोवती कथांचे जाळे असते आणि पाहुण्याने त्यांतील इतिहास व आख्यायिका वेगळ्या करून ऐकाव्यात. वॉटसन्स हॉटेलमध्ये जमशेटजींना भारतीय म्हणून प्रवेश नाकारला गेला आणि त्या अपमानातून ताज उभे राहिले, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. तथापि चार्ल्स अ‍ॅलन या इतिहासकाराने तिच्याविषयी शंका व्यक्त केली आहे आणि शहराला साजेसे हॉटेल असावे ही निकड हेच अधिक संभाव्य कारण मानले आहे. इमारत चुकून उलटी बांधली गेली आणि ते पाहून परदेशी वास्तुविशारदाने आत्महत्या केली, ही दुसरी कथा तर निराधारच आहे, कारण आखणी करणारे भारतीय होते आणि मूळ प्रवेश शहराच्या बाजूने ठेवणे हे घोडागाड्यांच्या सोयीचे होते. त्या जुन्या दर्शनी भागात आता पोहण्याचा तलाव आहे. वॉटसन्सची लोखंडी सांगाड्याची इमारत मात्र काळा घोडा परिसरात अद्याप उभी आहे. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातील पहिला खेळ तेथे झाला होता. आज तिची जी जीर्ण अवस्था आहे ती पाहिली म्हणजे ऐतिहासिक हॉटेल टिकवणे हे किती खर्चाचे आणि निष्ठेचे काम आहे हे कळते, आणि भाड्याच्या आकड्याकडे पाहण्याची दृष्टीही थोडी बदलते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळता येईल. ऐतिहासिक हॉटेलात राहणारा पाहुणा जादा पैसे देतो ते इतिहासासाठी, आणि इतिहास संपूर्ण हॉटेलात सारखा पसरलेला नसतो. बहुतेक जुन्या हॉटेलांना वाढत्या गिऱ्हाइकीमुळे कधी ना कधी नवी इमारत जोडावी लागली. ताजच्या बाबतीतही जुन्या पॅलेस विंगशेजारी १९७० च्या दशकाच्या आरंभी उंच टॉवर विंग उभी राहिली, आणि हॉटेल या दोन्ही भागांतील खोल्या त्या त्या नावाने वेगवेगळ्या दराने देते, त्यामुळे नीट वाचणाऱ्याची तेथे गल्लत होण्याचे कारण नाही. परंतु सर्वच हॉटेले आणि विशेषतः सर्वच मध्यस्थ संकेतस्थळे इतकी स्पष्टता पाळत नाहीत. प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबाने समुद्रकाठच्या एका जुन्या हॉटेलाचे आरक्षण मध्यस्थामार्फत केले होते. जाहिरातीत नक्षीदार कठड्यांची, उंच छताची जुनी इमारत दाखवली होती, पण प्रत्यक्षात मिळालेली खोली मागील बाजूच्या नव्या इमारतीत होती आणि तिच्या खिडकीतून वाहनतळ दिसत होता. स्वागतकक्षातील कर्मचाऱ्याने अत्यंत सौजन्याने आरक्षणाचे पत्र पुढे केले आणि त्यातील ‘खोलीचे वाटप उपलब्धतेनुसार’ या ओळीवर बोट ठेवले. घरातील वयोवृद्ध मंडळींनी, ज्यांच्या हौशीखातर हा सारा खटाटोप होता, ‘असू दे, रात्र काढायची आहे’ असे म्हणून विषय संपवला. धर्मशाळेत वाढलेल्या समाधानाचा तो उद्गार होता, पण दिलेली रक्कम धर्मशाळेची नव्हती. लेखी तक्रार केल्यानंतर दुसऱ्या दिवशी खोली बदलून मिळाली आणि तेव्हा कुठे जुन्या इमारतीतील रुंद व्हरांडा, सागवानी जिना आणि भिंतींची जाडी यांचा आनंद त्यांना घेता आला. पहिल्या रात्रीच्या भाड्यातील फरक मात्र परत मिळाला नाही.

या प्रसंगातून निघणारे मार्गदर्शन असे की, आरक्षण करण्यापूर्वी खोली कोणत्या इमारतीत आहे, ती इमारत कोणत्या काळातील आहे, खिडकी कोणत्या दिशेला उघडते आणि मजला कितवा आहे हे चार प्रश्न हॉटेलाला थेट ई-मेलने विचारावेत व उत्तर लेखी मिळाल्यावरच पैसे भरावेत. दूरध्वनीवरील गोड उत्तर पुराव्याला उपयोगी पडत नाही. मध्यस्थ संकेतस्थळाकडून आरक्षण करायचेच असेल, तर ‘व्हाउचर’ म्हणजे आरक्षणाची पावती मिळताच त्यावरील खोलीच्या प्रकाराचे नाव हॉटेलाच्या स्वतःच्या यादीशी ताडून पाहावे, कारण ‘डीलक्स’, ‘लक्झरी’, ‘प्रीमियर’ या शब्दांना कायद्याने ठरलेला कोणताही अर्थ नाही; एका हॉटेलातील सर्वांत लहान खोली ‘डीलक्स’ असते, तर दुसऱ्यात तीच मधल्या दर्जाची असते. ‘सी फेसिंग’ आणि ‘पार्शल सी व्ह्यू’ यांतही अंतर आहे, पहिल्यात समुद्र समोर असतो आणि दुसऱ्यात तो मान वळवून शोधावा लागतो. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांनी लिफ्ट खोलीपर्यंत पोहोचते का, हेही विचारावे. मुंबईत १९९५ पासून वारसा वास्तूंसाठी स्वतंत्र नियमावली लागू असून, यादीतील इमारतींत बदल करण्यासाठी परवानगी लागते, त्यामुळे जुन्या भागात जेथे मुळात पायऱ्या होत्या तेथे उतार करणे किंवा नवी लिफ्ट बसवणे हॉटेलाला मनात आले म्हणून करता येत नाही. पाहुण्याने यास हॉटेलाचा हलगर्जीपणा समजू नये, परंतु आधी विचारले नाही तर त्रास होतो तो पाहुण्यालाच.

वेळेचा प्रश्न बुलढाणा जिल्ह्यातील प्रवाशाला इतरांहून अधिक भेडसावतो, आणि त्याचे कारण आगगाड्यांच्या वेळापत्रकात आहे. मलकापूर किंवा शेगाव येथून रात्री निघणारा प्रवासी पहाटे किंवा सकाळी मुंबईला उतरतो, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून अपोलो बंदर दोन-अडीच किलोमीटरच असल्याने तासाभरात हॉटेलाच्या दारात हजर होतो, आणि तेथे त्याला कळते की खोली दुपारी दोन किंवा तीन वाजता मिळेल. हॉटेलाचा दिवस सूर्योदयाने सुरू होत नाही. आधीच्या पाहुण्याने खोली सोडण्याची वेळ, म्हणजे ‘चेक-आउट’, बहुधा दुपारी बाराची असते आणि मधल्या वेळात खोली स्वच्छ केली जाते. रात्रभर प्रवास केलेली वृद्ध माणसे व मुले सहा-सात तास दिवाणखान्यातील कोचावर अवघडून बसलेली पाहणे क्लेशदायक असते. यावर तीन मार्ग आहेत आणि त्यांपैकी पहिला सर्वांत कमी वापरला जातो: आरक्षणाच्या वेळीच गाडीचा क्रमांक व पोहोचण्याची वेळ कळवून लवकर प्रवेशाची, म्हणजे ‘अर्ली चेक-इन’ची, विनंती नोंदवावी, कारण आदल्या रात्री खोल्या रिकाम्या असतील तर पुष्कळ हॉटेले ती विनामूल्य किंवा अर्ध्या दिवसाच्या भाड्यात मान्य करतात. दुसरा मार्ग दिवसाच्या गाडीने जाऊन संध्याकाळी पोहोचण्याचा आहे, पण त्यात हॉटेलातील पहिल्या दिवसाची दुपार वाया जाते. तिसरा मार्ग सामान हॉटेलात ठेवून बाहेर पडण्याचा; सामान सांभाळण्याची सोय जवळजवळ सर्वत्र असते आणि त्यासाठी पावती मागून घ्यावी. आजकाल समृद्धी महामार्गामुळे मेहकर आणि सिंदखेड राजा परिसरातील मंडळी मोटारीने निघून दुपारपर्यंत मुंबईत पोहोचू शकतात. ५ जून २०२५ पासून हा महामार्ग ७०१ किलोमीटर लांबीने पूर्ण खुला झाला आहे, आणि ज्यांच्या घरी मोटार आहे त्यांच्यासाठी वेळेचा हा पेच बराचसा सुटला आहे. मात्र मोटार नेणाऱ्याने वाहनतळाच्या जबाबदारीविषयी एक निकाल माहीत ठेवावा. दिल्लीतील एका पंचतारांकित हॉटेलाच्या कर्मचाऱ्याकडे किल्ली सोपवलेली मोटार १९९८ मध्ये चोरीस गेली होती, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये असे ठरवले की, किल्ली घेऊन मोटार ताब्यात घेतल्यावर ‘मालकाच्या जोखमीवर’ असे पावतीवर छापून हॉटेलाला स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी झटकता येत नाही.

हवामानाविषयी थोडे स्पष्टीकरण उपयुक्त ठरेल. बुलढाणा आणि मुंबई ही दोन्ही ठिकाणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, म्हणजे उष्ण कटिबंधात येतात, तरीही त्यांच्या उष्म्याची जात वेगळी आहे. घाटाखालच्या मलकापूर-नांदुऱ्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या बराच वर जातो, पण हवा कोरडी असल्याने घाम लगेच वाळतो आणि सावलीत बरे वाटते. मुंबईत तापमान त्याहून पुष्कळ कमी असूनही हवेतील दमटपणामुळे घाम वाळत नाही आणि शरीर निवत नाही. जुन्या इमारती याच दमट उष्म्याला उत्तर म्हणून उंच छत, रुंद व्हरांडे आणि समोरासमोर खिडक्या यांनी घडवलेल्या होत्या. त्याच खोल्यांत आता वातानुकूलन बसवलेले असते आणि खिडक्या बंद ठेवल्या जातात, त्यामुळे पावसाळ्यात काही जुन्या खोल्यांत ओलसर वास जाणवतो, लाकूड फुगून दार अडते आणि बाहेरून आत येताच चष्म्यावर धुके धरते. दम्याचा किंवा सांधेदुखीचा त्रास असणाऱ्याने पहिल्या दहा मिनिटांत खोली नीट तपासावी, सामान उघडण्यापूर्वीच बदल मागावा आणि वातानुकूलनाचे तापमान २४ ते २६ अंशांच्या दरम्यान ठेवावे. निवासासाठी डिसेंबर ते फेब्रुवारीचा काळ सर्वोत्तम, आणि साहजिकच तेव्हाचे दरही सर्वाधिक असतात. जून ते सप्टेंबरमध्ये दर उतरतात, पण २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडून मुंबई ठप्प झाली होती, आणि अतिवृष्टीत कसारा घाटातील लोहमार्ग बंद पडला की विदर्भातील गाड्या अडकून राहतात. म्हणून पावसाळ्यातील आरक्षण करताना ‘नॉन-रिफंडेबल’, म्हणजे रद्द केल्यास पैसे परत न मिळणारा, स्वस्त दर घेऊ नये. थोडे अधिक पैसे देऊन रद्द करता येण्याजोगा दर घ्यावा.

पैशांच्या बाबतीत सर्वाधिक गोंधळ दराच्या अर्थाविषयी होतो. नुसत्या खोलीच्या दराला ‘युरोपियन प्लॅन’, सकाळच्या न्याहारीसह दराला ‘काँटिनेंटल प्लॅन’, न्याहारी व एक जेवण असलेल्या दराला ‘मॉडिफाइड अमेरिकन प्लॅन’ आणि तिन्ही वेळच्या खाण्यासह दराला ‘अमेरिकन प्लॅन’ म्हणतात. पावतीवर बहुधा केवळ आद्याक्षरे असतात आणि ती न समजल्यामुळे कुटुंबे न्याहारीचे पैसे दोनदा देतात किंवा फुकटची न्याहारी सोडून बाहेर खातात. या दरावर वस्तू व सेवा कर लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीचे भाडे ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर तो ५ टक्के आणि त्याहून अधिक असेल तर १८ टक्के आहे, त्यामुळे ७,४०० रुपयांच्या खोलीवर ३७० रुपये कर लागतो, तर ७,६०० रुपयांच्या खोलीवर तोच कर १,३६८ रुपये होतो. नामांकित ऐतिहासिक हॉटेलांचे दर या मर्यादेच्या बरेच वर असतात, आणि अशा हॉटेलांतील उपाहारगृहांतही बहुधा १८ टक्के कर आकारला जातो, म्हणून जाहिरातीतील आकड्याला साधारण एक षष्ठांशाहून अधिक जोडूनच अंदाजपत्रक करावे.

याहून अनपेक्षित असतो तो अनामत रकमेचा प्रकार. खोलीचे पूर्ण पैसे आधी भरलेले असले तरी हॉटेल प्रवेशाच्या वेळी कार्ड मागते आणि संभाव्य खर्चापोटी काही रक्कम त्यावर रोखून धरते. तिला ‘प्री-ऑथरायझेशन’ म्हणतात. क्रेडिट कार्डावर ती केवळ मर्यादेतून अडवली जाते, पण डेबिट कार्डावर खात्यातील प्रत्यक्ष पैसाच अडकतो आणि निघाल्यानंतर तो मोकळा होण्यास काही दिवस लागू शकतात. पेन्शनच्या एकाच खात्याचे डेबिट कार्ड घेऊन गेलेल्या ज्येष्ठांची यामुळे परतीच्या प्रवासात अडचण होते, म्हणून ही रक्कम किती असेल हे आधी विचारून तेवढी रोख देण्याची तयारी ठेवावी व पावती घ्यावी. एका वेळी मोठ्या रकमेचे बिल रोखीने भरल्यास पॅन द्यावा लागतो, हेही ध्यानात असावे. खोलीतील छोट्या फ्रीजमधील पेये, धुलाई, दूरध्वनी आणि कधी कधी लवकर प्रवेश यांचे स्वतंत्र पैसे लागतात. पाण्याच्या कोणत्या बाटल्या विनामूल्य आहेत हे विचारण्यात कमीपणा नाही. सेवाशुल्काबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या असून, हॉटेल किंवा उपाहारगृहाने ते आपोआप बिलात जोडू नये, ते देणे ग्राहकाच्या इच्छेवर आहे, असे त्यांत म्हटले आहे, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या सूचना वैध ठरवल्या. ज्या वाढप्याने किंवा सफाई कर्मचाऱ्याने मनापासून काम केले त्याच्या हातात स्वखुशीने बक्षिसी द्यावी, आणि ती द्यावीच, असे प्रस्तुत लेखकाला वाटते; बिलात छापलेला आकडा मात्र विनम्रपणे काढून टाकण्यास सांगावा.

एवढी खबरदारी घेतल्यावर निवासाचा खरा लाभ कशात आहे, हे सांगणे उरते. मऊ गाद्या आणि मोठे स्नानगृह आता नव्या हॉटेलांतही मिळतात. जुन्या हॉटेलातील दुर्मीळ गोष्ट म्हणजे तेथील जिने, दालने, भिंतींवरील चित्रे आणि त्यांची माहिती असलेली माणसे. अशा पुष्कळ हॉटेलांत निवासी पाहुण्यांसाठी वारसाफेरी, म्हणजे जाणकाराच्या सोबतीने इमारत पाहण्याची सोय असते. ताजमध्येही ती आहे. तिची वेळ आदल्या दिवशीच विचारून नाव नोंदवावे, कारण खरेदी आणि मरीन ड्राइव्ह यांच्या घाईत नेमकी हीच गोष्ट राहून जाते. वर्षानुवर्षे नोकरीत असलेले दारवान, लिफ्टमन आणि वाढपी हे या वास्तूंचे जिवंत दफ्तर असतात, त्यांतील कित्येक जण मराठी असतात, आणि मराठीत आस्थेने विचारले तर जे ऐकायला मिळते ते कोणत्याही माहितीपुस्तिकेत नसते. प्रस्तुत लेखकाच्या वडीलधाऱ्यांना खोली बदलल्यानंतरचा सर्वांत मोठा आनंद अशाच एका जुन्या कर्मचाऱ्याशी झालेल्या गप्पांत मिळाला. त्याचे गाव वऱ्हाडच्या सीमेवरचे निघाले.

ज्यांना रात्रीचे भाडे परवडणारे नाही त्यांनीही निराश होण्याचे कारण नाही. ताजच्या सी लाउंजमध्ये खिडकीशी बसून दुपारचा चहा घेता येतो. तोही स्वस्त नसतो, पण खोलीच्या भाड्याच्या तुलनेत अल्प असतो, आणि दोन-तीन तास त्या इमारतीत सन्मानाने घालवता येतात. त्यासाठी आधी जागा राखून ठेवावी, नीटनेटका पेहराव करावा आणि सुरक्षा तपासणीला वेळ लागतो हे गृहीत धरावे. धोतर-टोपी किंवा नऊवारी हा पेहराव नीटनेटकाच आहे, हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये, पण मनातील संकोचापायी अनेकांना ते सांगावे लागते. शाकाहारी किंवा उपवासाच्या खाण्याविषयी आरक्षणातच नोंद केली तर मोठ्या हॉटेलांची स्वयंपाकघरे ती पाळतात. घरून आणलेले पोहे-चिवडा खोलीत खाण्यास बहुधा कोणी हरकत घेत नाही, उपाहारगृहात मात्र ते उघडू नयेत.

निघताना बिल घाईने भरू नये. परतीची गाडी बहुधा संध्याकाळी किंवा रात्री असल्याने वेळ हाताशी असतो. आदल्या रात्रीच बिलाचा कच्चा तपशील खोलीत मागवून प्रत्येक ओळ तपासावी, आक्षेप असेल तेथे त्याच वेळी लेखी नोंद करावी, आणि हॉटेलात दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तेवढ्याने न भागल्यास न्यायासाठी मुंबईला खेटे घालण्याची गरज नाही, कारण २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडेही तक्रार करता येते. म्हणजे चिखली, जळगाव जामोद किंवा लोणारचा रहिवासी समुद्रकाठच्या हॉटेलाविरुद्ध बुलढाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकतो. दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील नेमण्याची सक्ती नाही आणि ‘ई-जागृती’ या सरकारी संकेतस्थळावरून तक्रार घरबसल्याही दाखल करता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल व्हावी लागते, आणि तिच्यासोबत जाहिरातीचे छायाचित्र, आरक्षणाची पावती, हॉटेलाशी झालेला ई-मेल व्यवहार व अंतिम बिल एवढे कागद जोडावेत. जाहिरात मोबाइलच्या पडद्यावरच असेल तर ती आरक्षणाच्या दिवशीच टिपून ठेवावी, कारण संकेतस्थळावरील चित्रे नंतर बदललेली असतात.